कचरा कापसाच्या हंगामात बसतो, काटा मे महिन्यात चढतो

धुळ्याहून जळगावकडे सपाट हायवेवर ताशी १०० च्या वेगानं जाणारी डिझेल गाडी शांत असते. तीच गाडी, तीच आठ माणसं आणि तेच सामान घेऊन चाळीसगावहून कन्नड घाटात शिरते, वेग ४० वर येतो आणि इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा हलायला लागतो. "हळूच तर चालवतोय, मग तापते कशी?" हा प्रश्न खान्देशातल्या गॅरेजांत उन्हाळाभर ऐकू येतो. उत्तर बहुतेक वेळा 'रेडिएटर (इंजिनाच्या पाण्यातली उष्णता हवेत टाकणारी पुढची जाळी) बदला' किंवा 'थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका' असं मिळतं. पहिलं महाग पडतं आणि दुसरं बहुधा चुकीचं असतं.

आधी हिशोब करू. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन २,५०० किलो आहे असं समजा. सपाट रस्त्यावर ताशी १०० नं जाताना वाऱ्याचा विरोध आणि टायरचं घर्षण मिळून चाकांवर साधारण २५ किलोवॅट ताकद लागते. आता शंभर मीटरला सात-साडेसात मीटर चढ असलेल्या घाटात तीच गाडी ४० नं चढवा. वाऱ्याचा विरोध जवळजवळ संपतो, पण अडीच टन वजन उचलायचं काम अंगावर येतं. बेरीज केली की पुन्हा २५ किलोवॅटच भरतात. म्हणजे इंजिन दोन्हीकडे सारखंच राबतं, तासाला साधारण नऊ-साडेनऊ लिटर डिझेल जाळतं. हायवेवर त्यात १०० किलोमीटर होतात, घाटात ४०.

डिझेलच्या एका लिटरमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा सायलेन्सरवाटे बाहेर पडतो, आणि उरलेल्यातला मोठा भाग कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या मिश्रणात, उतरतो. आपल्या उदाहरणात कूलंटच्या वाट्याला २५ ते ३० किलोवॅट येतात. घरातली एक इस्त्री साधारण एक किलोवॅटची असते. तशा पंचवीस-तीस इस्त्र्या एकाच वेळी पाण्यात बुडवून सुरू ठेवल्या, तर जेवढी उष्णता होईल तेवढी रेडिएटरनं सतत बाहेर टाकायची आहे.

ती टाकायची कुठे, तर हवेत. जाळीतून जाताना हवा ३० अंशांनी तापते असं धरलं तर एवढी उष्णता न्यायला दर सेकंदाला साधारण एक किलो हवा लागते, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. आणि इथेच घाट आणि हायवे वेगळे होतात. गाडीच्या तोंडावर वाऱ्याचा जो दाब येतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १०० ऐवजी ४० म्हणजे वेग अडीच पट कमी, पण दाब सव्वासहा पट कमी. उष्णता तेवढीच आणि वाऱ्याचा रेटा सहाव्या हिश्श्यावर, अशी घाटातली स्थिती. उरलेली हवा ओढायची जबाबदारी पंख्याची.

४५ अंशांचा उन्हाळा म्हणजे नेमकं काय

रेडिएटर पाण्याला 'थंड' करत नाही, पाण्यातली उष्णता बाहेरच्या हवेला देतो. किती देईल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरात पहाटे बाहेर १२ अंश असतात आणि पाणी ९२ अंशांवर, फरक ८०. मे महिन्यात भुसावळला ४५ च्या पुढे पारा असतो, फरक ४७. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता वाहून न्यायची ताकद जवळजवळ निम्मी. शिवाय गरम हवा विरळ असते: ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ११ टक्के हलकी, म्हणजे पंख्याच्या तेवढ्याच फेऱ्यांत कमी किलो हवा आत येते. तापलेल्या डांबरावर, बंपरच्या उंचीवरची हवा तर हवामान खात्याच्या आकड्यापेक्षाही गरम असते.

आता हाच हिशोब जाळी तुंबलेल्या गाडीला लावा. समजा आपल्या घाटात स्वच्छ जाळीला ४५ अंशांचा फरक पुरतो. मे महिन्यात ४५ अधिक ४५, पाणी ९०. चिंता नाही. एसी लावला, एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसलेला असतो आणि आत येणारी हवा आधीच पाच-सहा अंशांनी तापवतो. पाणी ९६. तरीही ठीक. आता जाळीची ३० टक्के क्षमता कचऱ्यानं खाल्ली असं धरा. ४५ चा फरक आता ६४ लागतो. ४५ अधिक ६ अधिक ६४ म्हणजे ११५. ही धोक्याची पातळी.

तीच तुंबलेली गाडी डिसेंबरात त्याच घाटात चढवा, एसी बंद ठेवून. १२ अधिक ६४ म्हणजे ७६. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो, त्यामुळे तो पाणी ८२ च्या खाली जाऊच देत नाही. काटा मध्यावर, चालक निर्धास्त. दोष गाडीत चार-पाच महिने बसलेला असतो आणि दिसतो तो लग्नसराईत. म्हणूनच 'काल-परवापर्यंत ठीक होती, अचानक तापायला लागली' हे वाक्य सहसा खरं नसतं.

जाळीत काय अडकतं

खान्देशातल्या गाड्यांची जाळी तुंबण्याचं कारण कोकणातल्या किंवा पुण्यातल्या गाड्यांपेक्षा वेगळं आहे. इथे कापूस उडतो. धरणगाव, जामनेर, बोदवडच्या जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या) आसपास दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेला पांढरा थर दिसतो, तोच जाळीवर बसतो. त्यावर मक्याचं भूस, मळणीची धूळ, किडे. रुईचे तंतू जाळीच्या बारीक पंखांत अडकतात आणि चाळणीचं काम करू लागतात: एरवी आरपार निघून गेली असती ती धूळ त्यांच्यावर थांबते. पहिल्या पावसात किंवा सर्व्हिस सेंटरच्या धुलाईत हे ओलं होतं आणि वाळल्यावर नमद्यासारखं घट्ट बसतं. घरातल्या कूलरची जाळी धूळ आणि क्षारांनी भरली की पंखा घोंघावतो पण वारा येत नाही. तसंच इथे होतं.

खरी अडचण अशी की हा थर पुढून दिसत नाही. पुढून दिसतो तो कंडेन्सर. त्याच्यामागे बोटभर फट आणि मग रेडिएटर. काही गाड्यांत इंटरकूलरही (टर्बोची हवा गार करणारी जाळी) याच रांगेत असतो. बारीक कचरा कंडेन्सरमधून आत जातो आणि त्या फटीत रेडिएटरच्या तोंडावर थापला जातो. ग्रिलमधून डोकावून 'जाळी चकाचक आहे' म्हणणाऱ्यानं कंडेन्सर पाहिलेला असतो. टॉर्च इंजिनाच्या बाजूनं लावा आणि पुढून बघा. उजेड सगळीकडून सारखा यायला हवा. जिथे काळोख दिसतो तिथे हवाही जात नाही.

साफ करताना क्रम महत्त्वाचा: आधी कोरडं, मग ओलं. इंजिन पूर्ण थंड असू द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही कधीकधी फिरतो. ग्रिल काढा. बऱ्याच गाड्यांत कंडेन्सरचे वरचे दोन बोल्ट सैल केले की गॅसचे पाइप न उघडता तो इंच-दोन इंच पुढे झुकतो. पाइपांवर ताण येतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. मऊ ब्रशनं, पंखांच्या दिशेनंच, तंतू सोडवा. आडवा ब्रश मारला तर ॲल्युमिनियमचे पंख झोपतात आणि झोपलेला पंख म्हणजे कायमचं बंद दार. मग कॉम्प्रेसरची हवा दोन-तीन बार दाबावर ठेवून इंजिनाच्या बाजूनं पुढच्या बाजूला मारा, म्हणजे कचरा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं बाहेर जाईल. शेवटी साध्या नळीचं पाणी, तेही इंजिनाकडून पुढे. तेलकट थर असेल तर सौम्य साबणाचं पाणी मारून दहा मिनिटं थांबा. धुलाई केंद्रातली प्रेशर गन जवळून मारू नका. ती कचरा काढते त्यापेक्षा जास्त पंख वाकवते, आणि पुढून मारली तर उरलेला कापूस आणखी आत ठोकते.

हे काम वर्षातून एकदा करायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये करा: कापसाचा हंगाम सरत आलेला असतो आणि घाटाचे दिवस यायचे असतात. जिनिंगच्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या गाड्यांना दोनदा लागेल.

वारा अडवणाऱ्या आणि पळवणाऱ्या गोष्टी

ग्रिलपुढे जे जे लावाल ते वाऱ्यातून वजा होतं. जास्तीचे दिवे, मोठी नावाची पाटी, विंच, किडे येऊ नयेत म्हणून बांधलेली मच्छरदाणीची जाळी. या शेवटच्या वस्तूबद्दल विशेष सांगायला हवं, कारण ती चांगल्या हेतूनं लावली जाते. बारीक जाळी कोरडी आणि स्वच्छ असतानाही बरीच हवा अडवते. कापूस बसल्यावर ती पडदाच होते. लावायचीच असेल तर हंगामापुरती लावा, रोज झटका आणि घाटाआधी काढा. बुल बारवर (बंपरपुढे लावलेल्या लोखंडी दांड्यांवर) तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. तो वारा अडवतो हे त्याच्या दोषांतलं सर्वांत किरकोळ.

लग्नाची गाडी हा वेगळा प्रकार. बॉनेट-ग्रिलवर फुलांची जाळी, आत एसी, पुढे बँड आणि वेग माणसाच्या चालीचा. इथे बोजा जवळजवळ शून्य असतो. इंजिन तासाला लिटरभर डिझेल जाळतं, कूलंटकडे दोन-तीन किलोवॅटच येतात. पण वारा शून्य आणि कंडेन्सरची उष्णता सगळी जाळीवर. वरातीत तापणारी गाडी इंजिनाचा नव्हे, पंख्याचा दोष सांगते.

पंख्याचे दोन प्रकार आहेत. इलेक्ट्रिक पंखा तपासणं सोपं: एसी लावला की तो फिरायला हवा, नाही फिरला तर फ्यूज, रिले, कनेक्टर, मोटर या क्रमानं बघा. पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याला बहुधा व्हिस्कस क्लच असतो. त्याच्या तोंडावर गुंडाळी केलेली धातूची पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती वळते, आतलं सिलिकॉन तेल वाट बदलतं आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरू लागतो. घाटात मध्येच ट्रकसारखी घरघर ऐकू येते ती हीच. ती आली की निश्चिंत व्हा, न आली तर काळजी करा. इंजिन बंद करून, गार असताना पंखा हातानं फिरवा. थोडा अवरोध जाणवायला हवा. एका झटक्यात तीन-चार फेरे मोकळे फिरला, पाती पुढेमागे हलली किंवा क्लचभोवती तेलाचे ओघळ दिसले तर क्लच गेला. एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी: रेडिएटरच्या मधल्या नळ्या आतून चोंदल्या असतील तर मधून गार हवाच येते, त्या पट्टीला वाटतं सगळं आलबेल आहे आणि चांगला क्लचसुद्धा झोपून राहतो.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं, म्हणजे श्राउड, अपघातानंतर किंवा घाईच्या कामात फेकून दिलेलं बऱ्याच जुन्या गाड्यांत दिसतं. ते शोभेचं नाही. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी पात्यांच्या कडेनं इंजिनातलीच गरम हवा घुसळतो. रेडिएटरच्या बाजूच्या फोमच्या किंवा रबरी पट्ट्यांचंही तेच: त्या नसतील तर हवा जाळी टाळून बाजूनं जाते, आणि गाडी उभी असताना मागची गरम हवा पुन्हा पुढे येते. परीक्षा अशी: गरम इंजिन, पंखा सुरू, वर्तमानपत्राचं एक पान ग्रिलवर धरून सोडा. चिकटून राहिलं तर ओढ ठीक आहे. पडलं तर वरच्या सगळ्या शंका घ्या.

बॉनेटच्या मागच्या बिजागरीत वॉशर घालून ते उचलण्याची टूमही आपल्याकडे आहे. उभ्या गाडीत त्यातून गरम हवा निघते हे खरं. पण गाडी वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. तिथून हवा बाहेर यायच्याऐवजी आत घुसते, इंजिनाच्या खोलीतला दाब वाढतो आणि जाळीतून येणाऱ्या हवेला निघायला जागा उरत नाही. हायवेवर असा उपाय उलटतो.

पाठवारा सहसा कुणी मोजत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत. ताशी २० च्या वाऱ्यात पूर्वेकडे ४० नं चढणाऱ्या गाडीच्या तोंडावर २० चाच वारा येतो. कोंडाईबारीच्या घाटात ट्रकच्या मागे चिकटून चढणाऱ्याचं आणखी वाईट: ट्रक वारा अडवतो आणि स्वतःची गरम हवा भेट देतो. अंतर ठेवा.

बोजा, गिअर आणि फोर-लो

घाटात वरच्या गिअरमध्ये, मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर इंजिन घरघरवत चढवणं म्हणजे डिझेल वाचवणं अशी समजूत आहे. पण वॉटर पंप, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात, आणि पट्ट्यावरचा पंखा दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेले असतात. फेऱ्या कमी म्हणजे पाणीही हळू आणि हवाही कमी. वर प्रत्येक स्फोटात जास्त डिझेल जळतं आणि सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) आसपास उष्णता दाटते. एक गिअर खाली घ्या, २,२०० ते २,८०० च्या दरम्यान ठेवा, पाय हलका करा. उष्णता तेवढीच राहील, पण ती वाहून नेणारे दोघेही दीड ते दोन पट वेगानं धावतील.

नदीच्या कोरड्या वाळूत किंवा सातपुड्यातल्या कच्च्या चढावर, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत, फोर-हायऐवजी फोर-लो, म्हणजे गिअरची खालची पायरी, वापरायचं तेही यासाठीच. लो-रेंजमध्ये चाकांवरचा जोर बऱ्याच गाड्यांत साधारण अडीच पट होतो, त्यामुळे ताशी ८-१० च्या वेगातही इंजिन मोकळं फिरतं. ऑटोमॅटिक गाडीत हे अधिकच महत्त्वाचं: टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी इंजिन आणि गिअरबॉक्स तेलानं जोडणारा भाग) घसरत राहिला की गिअरबॉक्सचं तेल तापतं, आणि ते तेल गार करायची नळी बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्याच टाकीत असते. म्हणजे गिअरबॉक्सची उष्णताही पुन्हा कूलंटवर.

चढ किती लांब आहे हेही मोठं. लोखंड, ॲल्युमिनियम आणि दहा लिटर कूलंट मिळून इंजिनाला एक अंश तापवायला साधारण १३० किलोज्यूल लागतात. रेडिएटर गरजेपेक्षा पाच किलोवॅटनं कमी पडत असेल तर पाणी दर २६ सेकंदांना एक अंश चढतं. ९२ वरून ११० ला जायला आठ मिनिटं, म्हणजे ४० च्या वेगानं पाच किलोमीटर. म्हणून लळिंगच्या छोट्या घाटात दोष लपतो आणि तोरणमाळला उघडा पडतो. शहाद्याच्या सपाटीवरून तोरणमाळपर्यंत जवळजवळ हजार मीटर चढायचे असतात. अडीच टनांच्या गाडीला नुसती ती उंची गाठायलाच दोन लिटरच्या वर डिझेल लागतं, आणि वर पोचेपर्यंत हवाही साधारण दहा टक्के विरळ होते.

काट्यावर किती विश्वास ठेवावा

फारसा नाही. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम 'शांत' केलेला असतो: पाणी ८० असो की १०२, तो मध्यावरच. तो हलतो तेव्हा वेळ कमी उरलेला असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात (गाडीच्या संगणकाला जोडायच्या खोबणीत) बसणारा छोटा ब्लूटूथ रीडर आणि फोनमधलं ॲप खरा आकडा दाखवतात. तो आकडा असा वाचा: सपाट रस्त्यावर ८२ ते ९५ नेहमीचं. लांब घाटात भर उन्हात १००-१०३ पर्यंत जाऊन स्थिरावलं तर चालेल. १०५ ला एसी बंद. ११० ला बोजा कमी करून थांबायची जागा शोधा. मात्र पाणीच निघून गेलं असेल तर सेन्सर वाफेत लोंबकळतो आणि आकडा खोटा, कधीकधी कमीच दाखवतो. आकडा अचानक खाली आला आणि हीटर गार हवा फेकू लागला तर तो दिलासा समजू नका, ताबडतोब इंजिन बंद करा.

झाकण, पाणी आणि थर्मोस्टॅट

रेडिएटरचं झाकण हा साधा पण दुर्लक्षित भाग. ते पाणी ०.९ किंवा १.१ बार दाबाखाली ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ ते १२२ अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं कूलंट मिसळलं तर आणखी सहा-सात अंश वर. रबर कडक होऊन झाकण गळलं की दाब जातो, हेडमध्ये वाफेचे खिसे तयार होतात आणि जिथे वाफ आहे तिथे धातूला गारवा मिळत नाही. संशय असेल तर झाकण बदला, पण बारचा आकडा जुन्याच झाकणावरचा घ्या.

खान्देशात गोठण्याची भीती नाही म्हणून नुसतं बोअरचं पाणी भरणारे पुष्कळ. त्या जड पाण्यातले क्षार तव्यावरच्या थरासारखे नळ्यांत बसतात, आणि गंजरोधक नसल्यामुळे लोखंड व ॲल्युमिनियम दोन्ही खातात. उलट टोकही बरं नाही: कूलंट जितकं घट्ट, तितकी उष्णता वाहायची ताकद कमी. म्हणून घट्ट कूलंट तसंच ओतू नका. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं प्रमाण, बहुधा निम्मं-निम्मं, आणि डिस्टिल्ड पाणी. रंगावरून जात ओळखू नका. हिरव्यात लाल मिसळून चिकट गाळ होऊ शकतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला जुन्या जीपच्या काळापासून चालत आलेला आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दुसरं तोंड असतं. तो उघडतो तेव्हा बायपासची वाट बंद करतो, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला की बायपास कायम उघडा. थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात फिरतं. घाटात गाडी अधिक तापते, हिवाळ्यात तापतच नाही आणि डिझेल जास्त खाते. तपासायचा असेल तर पातेल्यात थर्मामीटरसह उकळून बघा: त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागून दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

दोष कुठे, हे तापण्याच्या वेळेवरून

उभी असताना तापते, चालू लागली की उतरते: पंखा, क्लच, श्राउड. वेगात तापते, हळू केल्यावर उतरते: पाण्याचा प्रवाह, म्हणजे आतून चोंदलेला रेडिएटर, वॉटर बॉडी, किंवा खालचा होज पाइप (इंजिन आणि रेडिएटर जोडणारी रबरी नळी) ओढीनं चपटा होणं. फक्त घाटात आणि फक्त उन्हाळ्यात: बाहेरून तुंबलेली जाळी, दहांतल्या बहुतेक गाड्यांत. केव्हाही तापते, होज पाइप गार इंजिनावरही दोन मिनिटांत दगडासारखे कडक होतात, टाकीत बुडबुडे: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि हेड यांच्यामधलं सील. पाणी कमी होतं पण गळती दिसत नाही आणि गाडी नवी पिढीची आहे: ईजीआर कूलरही (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडण्याआधी गार करणारा भाग) तपासा. तो एक्झॉस्टची उष्णता कूलंटला देतो आणि आतून फुटला की कूलंट सायलेन्सरवाटे जातं.

हवा की पाणी हे ठरवायला एक मोजमाप उपयोगी पडतं. घाट चढून आल्या आल्या वरच्या आणि खालच्या होज पाइपवर इन्फ्रारेड थर्मामीटर लावा. चकचकीत धातूवर तो चुकतो, काळ्या रबरावर नाही. फरक ५ ते १० अंशांचा असावा. दोन्ही पाइप गरम आणि फरक जेमतेम, तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही. फरक वीसच्या वर, तर हवा काम करतेय पण पाणी पुरेसं फिरत नाही. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता येतं. ॲल्युमिनियम जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेल्याला ते सोसत नाही, कॉस्टिक सोड्याची धुलाईही नाही. तो बदलावा लागतो.

घाटात काटा चढलाच तर

एसी बंद. एक गिअर खाली, पाय हलका. मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. तो एक छोटा रेडिएटरच आहे आणि काही किलोवॅट उष्णता नेतो. आतल्यांचे हाल होतात, उपरणं ओलं करून डोक्यावर घ्या. जागा मिळताच गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि न्यूट्रलमध्ये १,००० ते १,२०० फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, म्हणजे हेडमध्ये दाटलेली उष्णता पाणी घेऊन जाईल. अपवाद दोन: पट्टा तुटलेला असेल किंवा पाणी-वाफ बाहेर पडत असेल, तर क्षणाचाही उशीर न करता बंद.

झाकणाला हात लावू नका. वरचा होज पाइप मुठीत धरून ठेवता येईल इतका गार व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्याआधी उघडलं तर दाब सुटतो आणि उकळी तोंडावर येते. बाटलीतलं गार पाणी तापलेल्या इंजिनात एकदम ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर, इंजिन सुरू करून, बारीक धारेनं भरा, हीटर उघडा ठेवून, म्हणजे अडकलेली हवा निघेल. वाटेत साधं पाणी भरलं असेल तर त्याच आठवड्यात ते काढून योग्य मिश्रण भरून घ्या. आणि काढलेलं कूलंट वाड्यात किंवा गोठ्याजवळ उघडं ठेवू नका: ते चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं ते पितात, आणि थोडंसंसुद्धा त्यांच्या मूत्रपिंडांना मारक ठरतं.